हाताच्या आकाराचा काळोख

कूबर पीडीत घरं जमिनीखाली असतात.
वर नुसते मातीचे ढीग, हवेची नळकांडी,
आणि परक्या माणसानं इथे
न बघता मागे पाऊल टाकू नये, अशा पाट्या.

थेक्लामावशीची प्रयोगशाळा तिच्या कोठीघरात:
ट्रॅक्टरच्या चार ट्यूबा, त्यांवर पत्रा, पत्र्यावर वाळू,
वाळूत खोचलेले आरसे,
आणि ॲडलेडच्या कुठल्याशा कॉलेजनं मोडीत काढलेला लेसर.
म्हातारा, पण लालबुंद.

होलोग्रामला शांतता लागते, ती म्हणायची,
चर्चमधली नव्हे, दगडातली.
केसाच्या दोनशेव्या भागाइतकं काही हललं
तरी उजेडाची वीण उसवते.

म्हणून रविवार. रविवारी सुरुंग उडत नसत.
शेजारीपाजारी निरोप जाई:
दहाला जनरेटर बंद, जिना कुणी उतरायचा नाही.
माझं काम, बाहेर कुत्र्याला कुशीत घेऊन बसायचं.
मी आठ वर्षांची.
वीस सेकंद कुत्र्याचं काळीज माझ्या बरगड्यांवर धडधडे
आणि मला वाटे, खाली ऐकू जाणार.

त्या रात्री वाळूत स्टामाटिसकाकांचा ओपल होता.
सत्तावीस वर्षांच्या खणण्यात
न विकलेला एकुलता एक खडा.
हिरवा म्हणावा तर नारिंगी, मान वळवावी तर निळा.
ओपलात रंग नसतोच, माझे वडील सांगत.
आत बारीक गोल कण, फळवाल्यानं मोसंबी रचावीत तसे,
थरावर थर.
रंग राहतो त्यांच्यामधल्या अंतरात.

(वडील, विदोये, दिवसा ड्रिल चालवत, रात्री आरसा घासत.
दहा इंची काच, तीन हिवाळे.
बोट टेकवलं तरी ऊब लागून काच तिथे फुगते,
आणि ते निवेपर्यंत चहा पीत बसत.)

काकांनी हट्टच धरला, खड्याशेजारी माझा हात येऊ दे.
हलेल, मावशी म्हणाली.
मी? काका हसले. खाणीत दरड कोसळली तेव्हा
चार तास हललो नव्हतो मी.

प्लेट धुतली, वाळवली, दिव्यापुढे धरली.
ओपल आला होता, नुसत्या लाल उजेडात,
पण डोकं इकडेतिकडे केलं की
ठिणगी या कडेवरून त्या कडेवर उडी घेत होती.
शेजारी हात नव्हता.
हाताच्या आकाराचा काळोख होता,
पाचही बोटं, करंगळीचं तुटकं पेरसुद्धा.

हललास, मावशी चिडली.
शपथेवर नाही, काका म्हणाले.
रक्त हललं असेल, वडील म्हणाले,
आणि सगळे आपापल्या हाताकडे बघत राहिले.

पुढे इस्पितळाच्या बिलात ओपल गेला.
मग काकाही.

वर्षभरानं वडिलांनी मावशीला ढिगाऱ्यावर नेलं.
पुठ्ठ्याच्या नळीची दुर्बीण, लाकडी शिडी, मी शिडी धरून.
त्रिशंकू डोक्यावर आला होता.
त्याच्या कुशीतली रत्नपेटी लावून दिली वडिलांनी:
निळ्या खड्यांत एक केशरी.
छान, मावशी म्हणाली, आंधळ्याला रंग दाखवावा तसं.

मग तिनं स्वतःच नळी ढकलली, थोडी बाजूला,
जिथे आकाशगंगा एकाएकी संपल्यासारखी वाटते.
तिथे काही नाही, वडील म्हणाले.
धूळ आहे. मागचे तारे झाकलेत.

तिनं डोळा काढला नाही.
वारा पडला होता. खाली कुणाचा तरी जनरेटर
खोकून थांबला.
शिडीच्या पायरीवर तिची चप्पल, टाचेला झिजलेली,
माझ्या कपाळाशी.

कुणी सांगितलं नव्हतं,
पण मी श्वास धरला
आणि मनात मोजायला लागले,
एक, दोन, तीन,
वीस झाले, तरी मोजत राहिले.